हापूसची बाग आणि मापाचा पेला

आमचा गाव मुरूड तालुक्यात आहे. समुद्र दोन कोसांवर. गावाच्या मागे कातळाचा माळ आहे आणि त्याच्या उतरणीवर माझी एक एकर वरकस जमीन आहे. तिच्यात हापूसची ४० कलमे होती. आज त्यातली ३१ उभी आहेत. बाकीच्या ९ जागी लहान रोपे आहेत. या बागेची हकीकत तुम्हांला सांगतो. त्यात थोडी माझी चूक आहे, थोडी दुसऱ्याची आहे, आणि थोडे वाऱ्याचे काम आहे.

१९९० साली महाराष्ट्र सरकारने रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना काढली. खड्ड्यांची मजुरी, कलमे, खत यांचा खर्च सरकार देई. कोकणातले कितीतरी ओसाड माळ तेव्हा हिरवे झाले. मीही १९९२च्या पावसाळ्यात कलमे लावली. दोन कलमांत १० मीटर अंतर ठेवले. या हिशेबाने एकरात ४० कलमे बसतात. पहिली दोन उन्हाळे बायकोने आणि मी हंड्याने पाणी घातले. सातव्या-आठव्या वर्षी विकण्याजोगा आंबा येऊ लागला.

पण हापूसची एक खोड आहे. तो एक वर्ष भरभरून देतो आणि पुढच्या वर्षी रुसून बसतो. आमच्याकडे म्हणतात, "यंदा झाडाने विसावा घेतला." माणूस मात्र विसावा घेऊ शकत नाही. मुलांच्या फिया, घरचे दुखणे-बाणे दर वर्षी येते.

२००९ साली माझी बदली लांब डोंगरपट्ट्यातल्या शाळेत झाली. बाग बघायला कोणी नव्हते. एका व्यापाऱ्याला ती मी चार वर्षांच्या खंडाने दिली. कागद झाला. हप्ते किती, कोणत्या तारखेला, घरी खायला पेट्या किती, सगळे त्यात होते. झाडांना काय घालायचे आणि किती घालायचे, याबद्दल एक अक्षर नव्हते. आणि मी सही केली. शाळेत मुलांना दहादा सांगणारा मी, की कागद वाचावा तसाच कागदात काय नाही तेही बघावे!

पहिली दोन वर्षे आंबा इतका आला की गाव बघायला येई. तोही लवकर. फेब्रुवारीतच पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या. मी खूश होतो. तिसऱ्या वर्षी आंबा कमी झाला. चौथ्या वर्षी व्यापारी हिशेब मिटवून निघून गेला आणि बाग माझ्या ताब्यात आली. बघतो तर झाडांची कळाच गेलेली. नवे शेंडे बोटभर लांबीचे. पाने एकाला एक चिकटून गुच्छासारखी. मोहोर आला तोही आखूड, मुठीसारखा गच्च. त्याला फळ धरेना.

राखणदार आमच्याच गावचा. त्याला विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, दर पावसाळ्यात कल्टार घालायचो. झाडाला पेलाभर. शेट म्हणायचे, कमी पडायला नको."

मी त्याचा तो चहाचा पेला मागून घेतला आणि शाळेतल्या मापाने मापला. १०० मिली भरला. त्या झाडांना किती हवे होते, ते पुढे सांगतो. आधी कल्टार म्हणजे काय ते बघू.

आंब्याच्या फांदीला दोन कामे असतात. एक, पालवी फोडून वाढायचे. दुसरे, मोहोर काढायचा. एका वेळी एका शेंड्यावर एकच काम होते. वाढायचे काम चालावे म्हणून झाड आपल्या अंगात एक द्रव्य तयार करते. त्याचे नाव जिबरेलिन. ते भरपूर असले की शेंडा वाढतच राहतो, मोहोर मागे पडतो. ज्या वर्षी झाडावर खूप आंबा असतो त्या वर्षी झाड थकते. आंबा उतरल्यावर त्याला नवी पालवी वेळेवर येत नाही. आली तर ती हिवाळ्यापर्यंत जून होत नाही. आणि मोहोर तर जून काडीवरच येतो. म्हणून एक वर्ष आड जाते. आपल्या किनाऱ्यावर थंडीही जेमतेम पडते. ऑक्टोबरात पाऊस लांबला तर पुन्हा पालवीच फुटते, ती वेगळी अडचण.

कल्टार हे बाजारातले नाव आहे. औषधाचे खरे नाव पॅक्लोब्युट्राझॉल. नाव वाचताना जीभ अडखळते, पण बाटलीवर हेच नाव शोधायचे. हे औषध मुळांतून वर जाते आणि जिबरेलिन तयार होऊ देत नाही. शेंड्याची वाढ थांबते. झाडाची ताकद मोहोराकडे वळते. मोहोर लवकर येतो आणि दर वर्षी येतो.

आपल्या हापूसवर याचे प्रयोग दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात झाले. हे विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले. तेव्हा आमच्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. विद्यापीठातल्या गुंजाटे आणि बुरोंडकर या शास्त्रज्ञांनी वेगवेगळी मापे झाडांना घालून पाहिली. किती घातले म्हणजे मोहोर येतो, किती घातले म्हणजे झाडाला इजा होते, याची वर्षांवर्षांची टिपणे ठेवली. त्यातून जे माप निघाले ते आज शिफारस म्हणून सांगितले जाते. ही मेहनत बाटलीत दिसत नाही. बाटली दुकानात मिळते. माप विचारून घ्यावे लागते.

माप असे आहे. झाडाचा विस्तार मीटरमध्ये मोजायचा आणि दर मीटरला ३ मिली औषध धरायचे. विस्तार म्हणजे खोडाची जाडी नव्हे. एका बाजूच्या फांदीच्या टोकापासून समोरच्या बाजूच्या फांदीच्या टोकापर्यंतचे अंतर. झाड सगळीकडे सारखे पसरत नाही, म्हणून दोनदा मोजायचे. एकदा पूर्व-पश्चिम, एकदा दक्षिण-उत्तर. दोन्हींची बेरीज करून निम्मे घ्यायचे.

माझ्या झाडाचेच उदाहरण घ्या. पूर्व-पश्चिम ९ मीटर. दक्षिण-उत्तर ७ मीटर. बेरीज १६. त्याचे निम्मे ८. आठ त्रिक चोवीस. म्हणजे त्या झाडाला २४ मिली औषध पुरे होते. राखणदाराच्या पेल्याने १०० मिली गेले. चौपटीहून जास्त. आणि ते एकदा नव्हे, दर पावसाळ्यात. हे औषध जमिनीत लवकर नाहीसे होत नाही. मागचे शिल्लक असते, त्यात पुढचे पडते.

घालायची वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट. जमिनीत ओल असते, तिच्याबरोबर औषध मुळांपर्यंत जाते. मुसळधार पाऊस चालू असताना घालू नये, धुऊन जाईल. आधी बुंध्याभोवतालचे गवत काढायचे. मग खोडापासून फांद्यांच्या टोकापर्यंत जेवढे अंतर, त्याच्या मध्यावर गोल आखायचा. वरच्या झाडाला खोडापासून टोकापर्यंत ४ मीटर, म्हणून गोल २ मीटरवर. त्या गोलावर पहारीने सारख्या अंतराने २५ भोके पाडायची. खोली अर्धी वीत. २४ मिली औषध ५ लिटर पाण्यात ढवळायचे. ५ लिटर म्हणजे ५००० मिली. त्याला २५ने भागा. दर भोकाला २०० मिली पाणी येते. ओतून झाले की भोक मातीने बुजवायचे. हातात मोजे असावेत. जेवणाची भांडी या कामाला घेऊ नयेत.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवा. औषध १० वर्षांच्या वरच्या, सशक्त झाडालाच घालायचे. कोवळ्या, रोगट, अशक्त झाडाला नाही. दुसरी गोष्ट खताची. कल्टार हे खत नाही. ते झाडाला काही देत नाही, झाडाकडून काढून मात्र घेते. बैलाला जास्त नांगराला जुंपले तर वैरण वाढवावी लागते, तसेच हे. दहा वर्षांच्या पुढच्या कलमाला विद्यापीठ वर्षाला शेणखताशिवाय दीड किलो नत्र, अर्धा किलो स्फुरद आणि एक किलो पालाश सांगते. युरियाच्या गोणीवर ४६ टक्के नत्र लिहिलेले असते. म्हणजे दीड किलो नत्रासाठी सुमारे सव्वातीन किलो युरिया लागतो. दीड किलो युरिया घालून "खत घातले" म्हणणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. खंडाने बाग घेणारा खतावर सहसा पैसा घालत नाही. त्याला चार वर्षांचे बघायचे असते. झाड आपल्याला नातवापर्यंत वापरायचे असते.

आता माझी आजारी झाडे. मी कृषी सहायकाला आणून दाखवली. मग रोह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात गेलो. तिथे मला कोणी नवे औषध दिले नाही. सांगितले, "कल्टार बंद. शेणखत वाढवा, उन्हाळ्यात पाणी द्या, सुकलेल्या काड्या काढा आणि वाट बघा." मला वाटले, एवढेच सांगायला यांना पगार! पण तेच खरे होते. तीन पावसाळे गेल्यावर हातभर शेंडे फुटू लागले. त्या तीन वर्षांत बागेने जवळजवळ काही दिले नाही. मुलीचे लग्न त्याच काळात होते. कर्ज काढले.

झाडे सुधारली तेव्हा दुसरी गोष्ट ध्यानात आली. २५ वर्षांत फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या. आत ऊन पोचत नव्हते. आंबा फक्त वर शेंड्याला, तिथे ना फवारा पोचे ना झेला. आमच्या भागात त्या योजनेतल्या बहुतेक बागांची आज हीच अवस्था आहे. यावरही विद्यापीठाने उपाय काढला आहे. त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. सोपा अर्थ, जुने झाड छाटून पुन्हा तरुण करणे. पाऊस संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, झाडाची वरची दोन हिस्से उंची यंत्राच्या करवतीने कापायची आणि एक हिस्सा ठेवायची. कुऱ्हाड वापरायची नाही, फांदी चिरते. कापलेल्या तोंडांना बोर्डो मलम लावायचे. ते घरी होते: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. मोरचूद आणि चुना निरनिराळे भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडे नको.

लावलेले झाड कापताना हात थरथरतो. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी २०१८च्या ऑक्टोबरात १२ झाडे कापली, सगळी नाही. माझे मत विचाराल तर कोणीच सगळी बाग एकदम कापू नये. कापलेले झाड तिसऱ्या वर्षानंतर आंबा देऊ लागते. तोवर घर कशावर चालवायचे? फुटवे दाट येतात, त्यातले मोजके जोमदार ठेवून बाकीचे काढावे लागतात. आणि सगळ्यांत मोठा शत्रू भिरूड. हा किडा कापलेल्या झाडावर हटकून येतो, खोड आतून पोखरतो. बुंध्याशी लाकडाचा भुसा दिसला की समजावे. त्याच दिवशी तारेने भोकातून अळी काढावी. आठवड्याला एकदा खोड बघितलेच पाहिजे. माझे एक झाड भिरुडाने जाता जाता वाचले.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ आले. ते आपल्या रायगडच्या किनाऱ्यावरच, श्रीवर्धन तालुक्यातल्या दिवेआगरजवळ जमिनीवर चढले. श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांतल्या पोफळी आणि माड काडीसारखे मोडले. आमच्या घराची कौले उडाली. दुसऱ्या दिवशी बागेत गेलो. न कापलेल्या २८ झाडांतली ९ मुळासकट आडवी होती. कापलेली १२ बुटकी झाडे उभी होती. वाऱ्याला धरायला त्यांच्यावर काही नव्हतेच. मी झाडे वादळासाठी कापली नव्हती. पण झाले ते असे.

पडलेल्या ९ जागी काय लावायचे, हा प्रश्न आला. नुसता हापूस लावू नये, मधून मधून दुसऱ्या जातींची झाडे असावीत, असे विद्यापीठ सांगते. कारण हापूसच्या मोहोराला दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर फळ जास्त धरते. पराग वाहून नेण्याचे काम माश्या करतात. म्हणून मोहोर फुललेला असताना फवारणी टाळायची. मी ६ हापूस लावले, २ रत्ना आणि १ केसर. रत्ना ही जात वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून तयार झाली. ती १९८१ साली प्रसारित झाली. फळ मोठे, दर वर्षी येणारे, आणि त्यात साका होत नाही. बाजारात मात्र हापूसचे नाव चालते, हेही खरे.

साका म्हणजे काय, ते आंबा विकणाऱ्याला सांगायला नको. वरून सोन्यासारखा आंबा, कापला की आत पांढरट, आंबट, फुसका गर. गिऱ्हाईक पुढच्या वर्षी येत नाही. ही तक्रार जुनी आहे. १९३२ आणि १९३३ साली मुंबई इलाख्यातून विलायतेला हापूस पाठवून पाहिला होता. चीमा आणि दाणी या अधिकाऱ्यांनी १९३४ साली त्याचा अहवाल छापला, त्यात साक्याची नोंद आहे. पुढे पुष्कळांनी कारण शोधले. कातळाची धग लागून साका होतो, असे दिसले. म्हणून बुंध्याभोवती पालापाचोळा अंथरायचा. बंगळूरच्या बागवानी संशोधन संस्थेत आणखी एक कारण सापडले. आंबा झाडावर फार दिवस राहिला की आतली कोय रुजायच्या तयारीला लागते. ती भोवतालच्या गरातून ओढून घेऊ लागते, आणि गर बिघडतो.

म्हणजे आंबा फार कोवळाही काढायचा नाही आणि झाडावर पिकूही द्यायचा नाही. आमचे आजोबा म्हणत, "चौदा आण्यांचा आंबा काढा." सोळा आण्यांचा रुपया कधीच गेला, पण आंब्याच्या बागेत आणा अजून चालतो. चौदा आणे म्हणजे शंभरात साडेसत्त्याऐंशी. शास्त्रज्ञ सांगतात ८५ टक्के. आजोबांनी विद्यापीठ पाहिले नव्हते.

चौदा आणे ओळखायचे कसे? देठाजवळ फळाचे खांदे वर येतात, देठ खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो. गडद हिरवा रंग फिका होतो. तरी शंका असेल तर दोन-चार आंबे काढून बादलीभर पाण्यात टाका. तळाला गेला तो तयार. तरंगला तो कोवळा. बादलीला पैसे पडत नाहीत.

आंबा देठासह काढायचा. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, साल जळते, काळा डाग पडतो. देठाच्या जागेतून कूजही शिरते. विद्यापीठाच्या 'नूतन' झेल्याला पाते असते, त्याने देठ कापला जातो आणि आंबा जाळीत पडतो. काढलेला आंबा उन्हात ठेवायचा नाही.

फळमाशीसाठी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा मिळतो. त्यातल्या वासाला नर माश्या भुलून येतात. नर नाही तर पुढची पैदास नाही. हेच वासाचे द्रव्य तुळशीतही असते. माझ्या एकराला मी दोन सापळे टांगतो आणि गळलेली फळे रोज वेचून पुरतो. फळे तशीच कुजत ठेवली तर सापळ्याचा उपयोग अर्धा जातो.

२०२२ साली मी बाग पुन्हा खंडाने दिली, दुसऱ्या माणसाला. आता फवाऱ्याचे काम मला झेपत नाही. पण या वेळचा कागद चार पानी आहे. प्रत्येक झाडाला नंबर दिला. नंबरापुढे विस्तार लिहिला, त्यापुढे औषधाचे मिली. कापलेल्या १२ झाडांपुढे आणि ९ रोपांपुढे शून्य. औषध घालताना मालक हजर असेल. खत किती किलो, कोणाच्या खर्चाने. शेवटच्या वर्षी कल्टार नाही. तो माणूस म्हणाला, "गुरुजी, एवढं कोण लिहितं?" मी म्हटले, "मी लिहितो. पटत असेल तर सही कर." त्याने दोन दिवसांनी येऊन केली. खंडाची रक्कम थोडी कमी मिळाली.

आमच्या वाचनवर्गाला येणाऱ्या शेजारच्या वहिनी गेल्या जुलैत बाटली घेऊन घरी आल्या. त्यांचा मुलगा मुंबईला असतो, त्याने पाठवली होती. मी म्हटले, "आधी वाचा." त्यांनी बोट ठेवून वाचले. पॅ-क्लो-ब्यु-ट्रा-झॉल. मग टक्के वाचले, मग तयार केल्याची तारीख आणि मुदत संपायची तारीख. बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहरी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. तोही त्यांनी पाहिला.

आम्ही दोरी घेऊन त्यांच्या परसात गेलो. एक जुने कलम होते. एकीकडून ६ मीटर, दुसरीकडून ६ मीटर. त्या पटकन म्हणाल्या, "साहा त्रिक अठरा." पाटीवर १८ मिली लिहिले. शेजारी दुसरे कलम होते. ते ३ मीटर भरले. त्यांनी पाटीवर ९ लिहिले.

मी विचारले, "हे कधी लावलंत?"

"वादळानंतर. त्याच पावसात."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, बोटांवर वर्षे मोजली आणि पाटीवरचा ९ पदराने पुसून टाकला.